सहाशे वीस किलोंचं अंजीर

कुंडी जमिनीपासून बरोबर एक वीत वर आली आणि तिथेच थांबली. ट्रॅक्टर घुमत होता, पुढच्या लोडरचे दोन्ही हात थरथरत होते, आणि सीटखालून कुठूनतरी चींऽऽ असा आवाज येत होता. दाराच्या फटीत मांजराची शेपटी सापडली की येतो तसा. मापसाहेबांनी दांडा आणखी ओढला. आवाज वाढला, कुंडी वाढली नाही.

"अहो, सोडा आता," त्यांची बायको म्हणाली. "बिचारं रडतंय."

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर गावाने त्यांना हे नाव चिकटवलं होतं आणि त्यांनी ते काढून टाकायचा फारसा प्रयत्न केला नव्हता. आपण बाजारात पाऊल टाकलं की सगळ्या तागड्या आपोआप सरळ व्हायच्या, असं ते सांगत. निवृत्त झाल्यापासून ते बायकोच्या रोपवाटिकेत मदत करत होते. ही मदत बाईंनी आठ महिने सोसली होती.

आता मात्र मदतीची खरोखर गरज होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवीन शाळा उभी राहिली होती. तिच्या आतल्या चौकात ठेवायला मुख्याध्यापिकाबाईंनी बारा अंजिराची झाडं निवडली होती. एकेका झाडाभोवती फेरी मारून, पानं उलटी करून बघून निवडली होती. मापसाहेबांच्या बायकोने ही झाडं अकरा वर्षं सिमेंटच्या मोठ्या कुंड्यांत वाढवलेली. शाळा सोमवारी उघडायची होती, त्याआधीच्या शनिवारी ट्रक येणार होते, आणि हातात दहा दिवस होते. झाडं वेळेवर पोचली नाहीत तर चौकात प्लास्टिकची झाडं ठेवायची तयारी शाळेच्या समितीतल्या एका गृहस्थांनी दाखवली होती. हे ऐकल्यावर बाई दोन दिवस कोणाशी नीट बोलल्या नव्हत्या.

क्रेनवाला येऊन गेला होता. म्हणजे तो आला, रोपवाटिकेची दोन शेडांमधली अरुंद वाट त्याने क्रेनमध्ये बसूनच पाहिली आणि इंजिन बंद न करता तसाच मागे गेला. उरला होता हा ट्रॅक्टर. तो जागेबरोबरच आला होता, जुन्या घराबरोबर उंदीर येतात तसा. छोटा, बुटका, रंग कधीकाळी निळा असावा. त्याला पुढे लोखंडी हात आणि बकेट होती. खत उचलायला, माती सरकवायला बरा होता. पण कुंडीची साखळी बकेटच्या ओठाला अडकवली की एक वीत, आणि मग मांजराची शेपटी. ट्रकचा फाळका छातीइतका उंच. वीत आणि छाती यांच्यातलं अंतर हाच काय तो प्रश्न होता.

अशा वेळी शेजारी असतात कशाला? पलीकडच्या बंगलीतले निवृत्त हवालदार कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "साहेब, इंजिनाला दम द्या की! दम दिल्याशिवाय कोणी काही उचलत नाही."

दम दिला. ट्रॅक्टरने काळा धूर सोडला आणि कुंडी उचलली. एक वीतच उचलली, फक्त लवकर उचलली.

मग बाईंचा धाकटा भाऊ आला. कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं मत तयार असे आणि ते बहुधा त्या यंत्राच्या विरुद्ध असे. तो बॉनेटवर हात ठेवून, वैद्याने नाडी बघावी तसा थोडा वेळ उभा राहिला. "भाऊजी, तेल पातळ झालंय. घट्ट तेल भरा. पातळ तेलात ताकद नसते."

घट्ट तेल भरलं. आता कुंडी एक वीत उचलायला दुप्पट वेळ लागू लागला.

आणखी कोणी असता तर त्याने इथेच नाद सोडला असता. पण मापसाहेबांचं काहीतरी वेगळंच झालं. ते एक बादली उलटी टाकून लोडरसमोर बसले आणि नुसते बघत राहिले. बायकोने चहा आणून ठेवला, तो गार झाला. आयुष्यभर त्यांनी वजन मोजलं होतं. साखरेचं, खिळ्यांचं, सोन्याचं, एकदा तर एका सर्कशीतल्या उंटाचं. पण वजन उचलतं कोण आणि कशाच्या जोरावर, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. ही बोटाएवढी जाड रबरी नळी, तिच्यातून जाणारं तेल, आणि ते तेल लोखंडाचे हात वर ढकलतं? तेल? जे आपण बिजागरीत दोन थेंब सोडतो ते?

"अगं, हे एवढंसं तेल ढकलतंय," ते बायकोला म्हणाले.

"मग आणखी थोडं ढकल म्हणावं," बाई म्हणाल्या आणि पाणी घालायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. हा माणूस कमी बोलत असे आणि बोलण्याआधी हात पुसत असे. त्याने चींऽऽ आवाज डोळे मिटून ऐकला.

"पंप तेल ढकलतो," तो हात पुसत म्हणाला. "तेल या जॅकला ढकलतं. जॅक हाताला. जोर दोनच गोष्टींवर, साहेब. तेलाचा दाब किती, आणि जॅकची नळी किती रुंद. इंजिन पळवलं तर तेल भरभर येतं, दाब तोच राहतो."

मापसाहेबांनी कुंपणाकडे पाहिलं. हवालदार आकाशाकडे पाहत होते.

"आणि हा आवाज?"

"हा व्हॉल्व्ह. दाब फार वाढला की तो तेलाला मागच्या वाटेने टाकीत परत सोडतो. पाइप फुटू नयेत म्हणून. याच्यातली स्प्रिंग थकलीय. लवकर सोडून देतो."

"म्हणजे लाच घेऊन सोडतो म्हणा की," हवालदार म्हणाले.

"नाही हो. वय झालंय त्याचं. निवृत्त करायला—"

"निवृत्तीचा विषय नको," मापसाहेब म्हणाले. "मोजूया. आधी मोजूया."

मिस्त्रीने दाब मोजायचं गेज आणून नळीला जोडलं. दांडा ओढल्यावर काटा थरथरत एकशे दहावर येऊन थांबला आणि चींऽऽ सुरू झालं. मापसाहेब त्या काट्याकडे इतक्या प्रेमाने बघत होते की बाईंनी मुद्दाम खोकून पाहिलं. पण एकशे दहा हे कमी की जास्त? मुळात किती असायला हवं? लोडर बनवणारा कारखाना कधीच बंद झाला होता आणि लोडरवरच्या पट्टीवरचे आकडे गंजून गेले होते. "कार्यालयात नोंद असणार," मापसाहेब म्हणाले. सरकारी नोंदीवर त्यांचा इतरांचा असतो त्यापेक्षा जास्त विश्वास होता. इतकी वर्षं तशा नोंदी ते स्वतःच करत आले होते.

वाहन नोंदणी कार्यालयात त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून, जुनी कातडी बॅग घेऊन प्रवेश केला. खिडकीतल्या कारकुनाने फाइल काढली, पानं उलटली, परत उलटली.

"लोडर कुठला?"

"पुढचा. ट्रॅक्टरचे हात म्हणा."

"आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या ट्रॅक्टरला हात नाहीत."

"मी स्वतः पाहिलेत."

"पाहिले असतील. नोंदलेले नाहीत." कारकुनाने चष्मा वर केला. "मग हे हात आले कुठून?"

या प्रश्नाने मापसाहेबांना घाम फुटला, कारण हाच प्रश्न, याच आवाजात, ते लोकांना विचारत आले होते. 'हे जास्तीचं वजन आलं कुठून?' ते चाचरत म्हणाले की हात आधीपासूनच होते. कारकून म्हणाला की सगळे असंच म्हणतात. दाबाचा आकडा मिळाला नाहीच, उलट एक अर्ज मिळाला: 'वाहनास जोडलेल्या वाढीव अवयवाची नोंद.' त्यात एक रकाना होता, उचलण्याची क्षमता. तो रिकामा चालणार नव्हता. आणि पाहणीसाठी तपासनीस घरी येणार होत्या.

"साहेब, मी पण सरकारी खात्यातलाच," मापसाहेब शेवटचा उपाय म्हणून म्हणाले.

"मग तुम्हाला अर्ज भरता येत असेलच," कारकून म्हणाला आणि खिडकी ओढून घेतली. जेवणाची वेळ झाली होती.

शेवटी पंपावरच्या बारीक अक्षरांनी काम केलं. मिस्त्रीने तारेच्या ब्रशने पंप घासला आणि खाली एकशे पन्नास हा आकडा निघाला. म्हणजे पंपाला दीडशे झेपत होते आणि थकलेला व्हॉल्व्ह एकशे दहालाच दार उघडत होता. मिस्त्रीने व्हॉल्व्ह खोलून स्प्रिंगखाली एक पातळ वॉशर टाकला. काटा एकशे तीस. दुसरा टाकला. दीडशे. मापसाहेबांनी टाळी वाजवली आणि लगेच हात मागे घेतले.

आता झाडाचं वजन. प्लॅटफॉर्मचा काटा त्यांच्याकडे होता, पण तो पाचशेपर्यंतच. मग त्यांनी कुंडीची एक कड पहारीने उचलून काट्यावर टेकवली, दुसरी कड विटेवर ठेवली, आकडा आला तीनशे दहा. दुप्पट करून सहाशे वीस. ही युक्ती ते मेहुण्याला समजावून सांगायला गेले, पण मेहुणा काट्यापासून जरा लांबच उभा होता. त्याचं कारण पुढे कळलं.

मग वहीत गणित मांडलं. बकेटमध्ये मातीची पोती एकेक वाढवत नेली, आणि ट्रॅक्टर छातीपर्यंत किती उचलतो ते काढलं. जुन्या दाबाला साडेचारशे. नव्या दाबाला सहाशे चौदा.

सहाशे चौदा! सहा किलो कमी. मापसाहेबांनी गणित पुन्हा केलं. तेच आलं. आयुष्यात त्यांनी सहा किलोंच्या घोळासाठी एका बड्या व्यापाऱ्याचं गोदाम तीन दिवस बंद ठेवलं होतं, तेव्हा सहा किलो म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते तडक बायकोकडे गेले.

"अगं, एक विचारू? या झाडांना दोन दिवस पाणी घालू नकोस. ओली माती जड असते. दहा-बारा किलो सहज उतरतील."

बाईंनी झारी खाली ठेवली. "म्हणजे झाडं तहानलेली ठेवून वजन मारायचं? आणि हे तुम्ही सांगताय?"

मापसाहेबांचे कान लाल झाले. त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी अंजिरांना रोजच्यापेक्षा जास्त पाणी घातलं.

माणसाचा स्वाभिमान दुखावला की तो वॉशरकडे वळतो. "आणखी एक टाक," ते दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हणाले.

"दीडशेच्या वर नको, साहेब. पंप सोसेल एखादवेळ. पाइप जुने आहेत."

"अर्धा टाक."

"वॉशर अर्धा नसतो."

"मग पत्र्याचा काप. कागदाएवढा."

मिस्त्रीने बराच वेळ हात पुसले. मग त्याने पत्रा कापला, सगळ्यांना लांब, शेडच्या भिंतीमागे उभं केलं, आणि दांड्याला दोरी बांधून ती मापसाहेबांच्या हातात दिली. "ओढा. तुमचं म्हणणं आहे, तुम्हीच ओढा."

मापसाहेबांनी दोरी ओढली. काटा दीडशे, एकशे पंचावन्न, एकशे बासष्ट... आणि फटाक! पाइपाचं पोट फुटलं, तेलाचा फवारा वर गेला आणि वाऱ्याबरोबर कुंपण ओलांडून पलीकडे. पलीकडे हवालदारांच्या दोरीवर त्यांचे सगळे पांढरे शर्ट वाळत होते. सात होते. आठवड्याचे दिवस जितके तितके.

हवालदार बाहेर आले, शर्टांकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं. "मी दम द्या म्हणालो होतो," ते म्हणाले, "फुंकर मारा म्हणालो नव्हतो."

शर्ट बाईंनी धुतले. डाग गेले नाहीत. पुढे कितीतरी दिवस हवालदारांचा वार त्यांच्या शर्टावरच्या डागावरून ओळखता येत असे, आणि तेही मोठ्या अभिमानाने तेलाची हकिकत सांगत. पण त्या दिवशी मापसाहेब तोंड लपवून शेडमध्ये बसले होते. मिस्त्री नवे पाइप घेऊन आला, गाळणी बदलली, पत्र्याचा तुकडा काढून दूर कचऱ्यात फेकला आणि म्हणाला, "दीडशे. याच्या पुढे मी हात लावणार नाही."

"सहा किलो..."

"पोती तुम्ही बकेटमध्ये मागच्या बाजूला ठेवली होती. कुंडी पुढे लोंबते. हिशेब तसाही जुळत नाही, साहेब. उचलूनच बघा."

गुरुवारी सकाळी उचलून बघायचं ठरलं. मापसाहेब सीटवर बसले. साखळी बकेटच्या ओठाला, कुंडीला पट्टा, सगळे लांब. त्यांनी हळूच दांडा ओढला. या वेळी चींऽऽ नाही. हातांत जोर आला, साखळी ताठ झाली, आणि मापसाहेबांना स्पष्ट जाणवलं की काहीतरी वर जातंय. त्यांनी विजयी मुद्रेने कुंडीकडे पाहिलं. कुंडी वीतभर वर जाऊन पुन्हा जमिनीला टेकली होती. वर जात होते ते स्वतः. मागची दोन्ही चाकं जमीन सोडून फूटभर वर आली होती, ट्रॅक्टर नाक खाली घालून, शेपूट वर करून, कोंबडा दाणा टिपताना उभा राहतो तसा उभा होता, आणि मापसाहेब स्टिअरिंगला धरून सीटवरून पुढे घसरत होते.

"नमस्कार," फाटकातून आवाज आला. "वाढीव अवयव याच ट्रॅक्टरला आहेत ना?"

तपासनीस बाई होत्या. हातात फायली, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर काहीच नाही. मापसाहेबांनी तशाही अवस्थेत एका हाताने शर्टाची कॉलर सरळ केली.

"मागची चाकं वर का आहेत?"

"पाहणी चालू आहे," मापसाहेब म्हणाले.

"कोणाची?"

मिस्त्री म्हणाला, "साहेब, हळूच सोडा." ट्रॅक्टर सावकाश खाली टेकला. मापसाहेब उतरले आणि त्यांनी खुर्ची मागवली ती तपासनीस बाईंसाठी.

तपासनीस बाईंनी लोडर सगळीकडून पाहिला, वाकून खालून पाहिला, पिना हलवून पाहिल्या. मग पेन उघडलं. "क्षमता?"

"सहाशे चौदा," मापसाहेब म्हणाले. "म्हणजे... मघापर्यंत होती."

"अंदाजे लिहिता येत नाही."

मापसाहेब हळूच म्हणाले, "बरोबर आहे. मीही कधी लिहू दिलं नाही." दोघंही एकमेकांकडे जरा आदराने बघू लागले. तपासनीस बाईंनी पेन मिटलं आणि खुर्ची ट्रॅक्टरकडे वळवून घेतली. "मग कशाने होतंय हे? उचलायचा जोर तर आहे म्हणता."

मग सगळेच विचार करू लागले. मेहुणा म्हणाला, मागे वजन टाका, सोपं आहे. मागे टाकायला काय आहे? माणसं आहेत. मिस्त्री म्हणाला की ट्रॅक्टरवर माणसं वजन म्हणून बसवत नाहीत, माणूस घसरतो. पण मापसाहेबांना मागे किती वजन लागेल याचा आकडा हवा होता, आणि नुसतं मोजायला काय हरकत, म्हणून सगळे काट्यावर चढले. हवालदार अठ्ठ्याहत्तर. मिस्त्री छप्पन्न. तपासनीस बाईंनी नम्रपणे नकार दिला. मेहुणा म्हणाला, मी सत्तर, लिहून घ्या.

"अंदाजे लिहिता येत नाही," तपासनीस बाई म्हणाल्या.

मेहुणा काट्यावर चढला. शंभराला दोन कमी.

"काटा बिघडलाय, भाऊजी."

एकतीस वर्षांत हे वाक्य मापसाहेबांनी किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. त्यांनी वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. बाई भावाकडे बघून हसल्या नाहीत, पण त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

मग मागे पिंपात काँक्रीट भरायचं, चाकांत पाणी भरायचं, अशी चर्चा पेटली. पिंप भरून वाळायला किती दिवस, ट्रक शनिवारी, आज गुरुवार. बाई इतका वेळ रोपांच्या ओळीत कामच करत होत्या. एक मोठीशी कुंडी उचलून त्या शेडकडे निघाल्या होत्या, वाटेत गर्दी बघून थांबल्या.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "ती बकेट कशाला हवी?"

"म्हणजे?"

"कुंडी बकेटच्या पार पुढच्या टोकाला लोंबतेय. बकेट स्वतःच केवढी जड. मी जड कुंडी उचलते तेव्हा पोटाशी धरते. हात लांब करून कोण उचलतं?" आणि त्यांनी हातातली कुंडी छातीशी घट्ट धरून दाखवली.

मिस्त्रीने हात पुसायला घेतले आणि पुसतच राहिला. मापसाहेबांच्या चेहऱ्यावरून रंग उतरला, मग चढला. तराजू! लांब दांडी, आखूड दांडी! दांडी एका बाजूला बोटभर लांब केली म्हणून त्यांनी किती दुकानं बंद केली होती. परवाच काट्यावर कड टेकवून कुंडी अर्ध्या वजनात मोजली होती. आणि स्वतःच्या अंगणात, डोळ्यांसमोर चार हात लांबीची दांडी पुढे काढून तिच्या टोकाला सहाशे वीस किलो लटकवले, तेव्हा त्यांना ते दिसलं नाही.

"हे मला माहीत होतं," ते कसेबसे म्हणाले.

"असणारच," बाई म्हणाल्या. "तुमचं खातंच ते." आणि कुंडी घेऊन निघून गेल्या.

मिस्त्रीने दोन पिना काढून बकेट खाली उतरवली, हातांच्या मुळाजवळ एक आडवा जाड लोखंडी गज पक्का बसवला आणि साखळी त्याच्यात अडकवली. कुंडी आता ट्रॅक्टरच्या नाकाजवळ आली. मापसाहेबांनी दांडा ओढला. कुंडी एक वीत वर आली, दोन वीत, गुडघा, कंबर, छाती. मागची चाकं जमिनीला चिकटून. अंजिराची पानं हलली.

"साहेब," मिस्त्री थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "बहुतेक जुना दाब ठेवला असता तरी चाललं असतं."

दुसरा कोणी असता तर त्याने हे ऐकलंच नाही असं केलं असतं. पण मापसाहेबांच्या डोक्यात प्रश्न शिरला की शिरला. व्हॉल्व्ह खोलायला लावला, दोन्ही वॉशर काढायला लावले. एकशे दहाला कुंडी कमरेपर्यंत आली आणि चींऽऽ करून थांबली. एक वॉशर टाकून एकशे तीसला छातीपर्यंत गेली. ते वहीत लिहीत होते तेव्हा तपासनीस बाई त्यांच्या खांद्यावरून डोकावत होत्या. एका वॉशरपुरती अब्रू राहिली होती. मिस्त्रीने तो एकच ठेवला आणि दुसरा खिशात टाकला.

तपासनीस बाईंनी रकान्यात आकडा लिहिला, उचलण्याचं अंतरसुद्धा सेंटिमीटरमध्ये लिहिलं, आणि जाताना म्हणाल्या, "रस्त्यावर नेताना हात खाली ठेवा, पुढे लाल फडकं बांधा, आणि हातांत भार नको."

"रस्त्यावर कशाला नेतोय?" मापसाहेब हसले. "काम तर इथेच आहे."

शनिवारी दोन ट्रक आले. एकेक अंजीर शेडांमधल्या वाटेने, ट्रॅक्टरच्या छातीशी, पानं दोन्ही भिंतींना घासत बाहेर आलं आणि फाळक्यावर बसलं. पाचव्या झाडानंतर मापसाहेब एका हाताने दांडा चालवू लागले. आठव्यानंतर त्यांनी रस्त्यावरच्या बघ्यांना दाबाविषयी दोन शब्द सांगितले. बारावं झाड चढलं, दोरखंड आवळले, सगळ्यांनी हात झटकले, हवालदारांनी शनिवारच्या डागाचा शर्ट घालून सलाम ठोकला.

ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आणि तिकडे उतरवणार कोण?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मेहुण्याकडे, मेहुण्याने काट्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"क्रेन असेल की शाळेत," हवालदार म्हणाले.

"आतल्या चौकाला कमान आहे," बाई हळूच म्हणाल्या. "मी पाहिलीय. क्रेन नाही जाणार."

मापसाहेबांनी खिशातून टेप काढला, ट्रॅक्टरची उंची मोजली आणि शाळेत फोन लावला. पलीकडून शिपायाने कमान मोजून सांगितली. चार बोटं जागा उरत होती.

म्हणून रविवारी सकाळी गावाने एक मिरवणूक पाहिली. पुढे लाल फडकं बांधलेला बुटका ट्रॅक्टर, त्यावर ताठ बसलेले इस्त्रीच्या शर्टातले मापसाहेब, मागे झाडांनी भरलेले दोन ट्रक, ट्रकच्या मागे अडकलेल्या दहा-बारा गाड्या, त्यांचे हॉर्न. नऊ किलोमीटरला दीड तास लागला. मधल्या चौकात एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून विचारलं, "काका, हात कशाला लावलेत याला?" मापसाहेबांनी नोंदणीचा कागद खिशातून काढून हलवून दाखवला. सायकलवाला तोवर दिसेनासा झाला होता.

कमानीखालून जाताना मापसाहेबांनी मान खाली घातली, डोळे मिटले आणि चार बोटं चार बोटंच निघाली. चौकाच्या चारी बाजूंना वर्गांच्या खिडक्या होत्या, नव्या रंगाचा वास होता. मुख्याध्यापिकाबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. बाई प्रत्येक कुंडीपाशी जाऊन सांगत होत्या, "ही बाजू वर्गाकडे. हिला इकडे फांद्या जास्त आहेत. थोडं डावीकडे. अजून थोडं. अहो, एवढं नाही." आणि मापसाहेब सहाशे वीस किलो बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे करत होते, आणि एकदाही कंटाळले नाहीत.

अकरा झाडं उतरली. बाराव्या कुंडीची साखळी अडकवली तेव्हा बाई ट्रॅक्टरपाशी आल्या.

"उतरा."

"का? काय झालं?"

"काही नाही. हाताला कसं लागतं ते मला बघायचंय."

मापसाहेबांच्या तोंडाशी सोळा सूचना आल्या. मिस्त्रीने त्यांच्या दंडाला धरलं आणि फक्त म्हणाला, "वहिनी, ओढला की वर, ढकलला की खाली. सावकाश." मग त्याने सगळ्यांना मागे सारलं.

ट्रॅक्टर बाईंनी पूर्वीही चालवला होता, त्याचे हात मात्र कधी नाही. त्या सीटवर चढल्या, पदर खोचला, दांड्यावर हात ठेवला. अंजीर फाळक्यावरून उठलं, ट्रॅक्टर त्यांच्यासारखाच शांतपणे चौकात मागे आला, फिरला, आणि झाड हळूहळू खाली जाऊ लागलं. मापसाहेब बाजूला उभे राहून आपल्याही नकळत हात खाली खाली नेत होते. कुंडी टेकली. फरशीवर आवाजसुद्धा झाला नाही.

बाईंनी दांड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, हे तर हलकं लागतं! मग दहा दिवस तुम्ही तोंड का वाकडं करत होतात?"

मापसाहेबांनी मदतीसाठी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री हात पुसत होता. मुख्याध्यापिकाबाईंनी खिडक्यांची रांग मोजायला घेतली.

"परत उचलून बघू का एकदा?" बाई म्हणाल्या. "उगाच?"

"बघ," मापसाहेब म्हणाले आणि दोन पावलं जवळ आले. "जरा सावकाश उचल. मला मुळापाशी बघायचंय, साखळी कुठे ताणते ते."